दगडाचं पीठ: आधी माती बघा, मग दगड

सेंद्रिय बागकामाच्या सामानात हल्ली ‘रॉक डस्ट’ नावाचं पाकीट हमखास दिसतं. आत करडी, मऊ भुकटी. बाहेर ज्वालामुखीचं चित्र आणि साठ-सत्तर खनिजांचा दावा. दावा तसा खोटा नसतो. कुठलाही दगड प्रयोगशाळेत बारकाईने तपासला तर इतकी मूलद्रव्यं त्यात सापडतातच. पण त्यातली बरीचशी नावापुरती असतात आणि झाडाला त्यांचं काही कामही नसतं. झाडाला लागणारी मूलद्रव्यं १७. त्यातली तीन हवा-पाण्यातून मिळतात, नत्र (नायट्रोजन) मुळात हवेतलं आणि ते मातीत येतं कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून. बाकीची बहुतेक सगळी कधीकाळी दगडातूनच मातीत उतरलेली आहेत. म्हणून ज्या मातीतली खनिजं पावसाने धुऊन गेली किंवा पिकांनी उपसून नेली, तिला नव्याने दगड दळून घालायचा, ही कल्पना मुळात चुकीची नाही. १८९० च्या दशकात जर्मनीत यूलियुस हेन्सेल नावाचे गृहस्थ नेमकं हेच सांगत होते. दगडाच्या पिठाने सगळंच भागेल असं त्यांना वाटायचं. तेवढं काही खरं नव्हतं.

महाराष्ट्रात हा विषय जरा वेगळ्या तऱ्हेने बघावा लागतो, कारण पाकिटावर ज्या ज्वालामुखीचं चित्र असतं त्याच जातीच्या दगडावर आपलं बहुतेक राज्य बसलेलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आजही तो दगड जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटातून जाताना डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात, ते हे थर. तालुक्यातालुक्यातले खडी क्रशर हाच काळा दगड फोडत असतात आणि त्यांच्या आवारात त्याची भुकटी पडून असते. म्हणजे दगड मिळण्याची चिंता नाही. तुमच्या मातीला तो हवाय का, हे आधी ठरवायला हवं.

भुकटीत काय असतं

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या १०० किलो भुकटीत ढोबळ मानाने ४८ ते ५० किलो सिलिका, १० किलोच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड, ५ ते ७ किलो मॅग्नेशियम ऑक्साइड, १२ ते १४ किलो लोहाची ऑक्साइडं आणि जवळपास तितकंच ॲल्युमिनियमचं ऑक्साइड असतं. स्फुरद (फॉस्फरस) पाव किलोच्या आसपास. पालाश (पोटॅशियम) पाव ते अर्धा किलो. शिवाय जस्त, तांबं, मँगेनीज थोडं थोडं. नत्र शून्य. सेंद्रिय कर्बही शून्य.

तेव्हा दगडाची भुकटी म्हणजे खत नव्हे. शेणखत, कंपोस्ट, पेंड, हिरवळीचं खत यांतलं काहीच न घालता नुसती भुकटी घातली तर झाड उपाशीच राहतं.

दुसरी अडचण अशी की आत जे आहे ते कुलूपबंद आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे सगळं खनिजांच्या स्फटिकात घट्ट बसलेलं असतं. ते सोडवायला पाणी लागतं आणि आम्ल लागतं. मातीत मुळं, गांडुळं, जिवाणू श्वास घेतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. मुळांच्या टोकांतून आणि बुरशीच्या तंतूंतूनही आम्लं झिरपतात. ही सगळी मिळून दगडाचा कण हळूहळू कुरतडतात. बेसॉल्टमधली काही खनिजं लवकर विरघळतात. ऑलिव्हिन सगळ्यात आधी, मग पायरॉक्सिन, मग प्लॅजिओक्लेज. ग्रॅनाइटमधला पालाशयुक्त फेल्डस्पार फार चिवट, आणि गारगोटी तर आपल्या हयातीत विरघळत नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच बारीकपणाला एवढं महत्त्व आहे. खडीसाखरेचा खडा दुधात टाकला तर तळाशी बसून राहतो आणि पिठीसाखर टाकल्या टाकल्या नाहीशी होते, तसाच हा प्रकार. वजन तेवढंच ठेवून कण अर्ध्या आकाराचे केले की पृष्ठभाग दुप्पट होतो. ४ मिलिमीटरच्या कचाच्या तुलनेत ०.१ मिलिमीटरच्या भुकटीचा पृष्ठभाग ४० पट. क्रशरवरून आणलेला जाडा कच मातीत मिसळला तर निचरा सुधारेल, पण खनिजं मिळायला नातवंडांची वाट बघावी लागेल.

पालाशाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. दगडाच्या पिठाने फुलं-फळं वाढतात असं सांगितलं जातं, आणि फुला-फळांना पालाश लागतं. आता हिशेब करा. एका चौरस मीटरला ५ किलो बेसॉल्टची भुकटी घातली आणि तिच्यात ०.३ टक्के पालाश धरलं, तर होतात १५ ग्रॅम. तेही सगळंच्या सगळं विरघळलं तर, आणि त्याला वर्षानुवर्षं लागणार. ५ टक्के पालाश असलेली लाकडाची राख ३०० ग्रॅम टाकली तर तेच १५ ग्रॅम त्याच हंगामात हाताशी येतात. (राखेने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो; सामू ७ च्या खाली तर माती आंबट, वर तर विम्लधर्मी. म्हणून काळ्या जमिनीत राखही जपूनच.)

ब्राझीलमध्ये दगडाची भुकटी शेतीत वापरणं कायदेशीर आणि रुळलेलं आहे. तिथल्या जुन्या, धुपून-झिजून गेलेल्या जमिनी आणि बाहेरून आणावं लागणारं पालाश, या दोन्हींवर उपाय म्हणून त्यांनी हे धरलं. २०१३ मध्ये अशा भुकटीला खतांच्या कायद्यात जागा मिळाली आणि २०१६ मध्ये निकष ठरले: कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश यांची ऑक्साइडं मिळून किमान ९ टक्के, त्यात एकटं पालाश किमान १ टक्का, गारगोटी २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, पारा यांना मर्यादा. दख्खनचा बेसॉल्ट पहिल्या अटीत आरामात बसतो. पालाशाच्या अटीत मात्र बहुतेक ठिकाणचा दगड नापास होईल. आपल्या दगडाची खरी ताकद कॅल्शियम आणि मॅग्नेशियममध्ये आहे. पाकिटावर भरपूर पालाशाचं आश्वासन दिसलं तर आतला दगड कुठला, हे विचारायला हरकत नाही.

काळ्या मातीला काळा दगड कशाला?

सोलापूर, नगर, जळगाव, मराठवाडा, पश्चिम विदर्भ. घरामागे चार वाफे आहेत आणि माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आहे, तर बेसॉल्टची भुकटी विकत घेऊ नका. ती माती त्याच दगडाची झालेली आहे. पठारावर पाऊस कमी, त्यामुळे दगडातून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून गेलं नाही, तिथेच साठलं. खणताना चुनखडीचे पांढरे खडे लागतात ते हेच कॅल्शियम. अशा मातीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, कधी त्याच्याही वर.

आता यातली मौज बघा. या मातीत लोहाला तोटा नाही, मूळ दगडातच त्याची ऑक्साइडं १२-१४ टक्के. तरीही लिंबाची, गुलाबाची, भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. कारण लोहाचा अभाव हे नसून चुनखडी हे आहे. सामू वाढला की लोह विरघळत नाही, जस्ताचंही तेच. अशा ठिकाणी आणखी लोहवाला दगड घालून काय होणार? तोही जाऊन त्याच कुलपात बसणार. तिथे लागतं भरपूर कुजलेलं शेणखत, आणि पानं फारच पिवळी असतील तर शेणखतात मुरवलेलं हिराकस (फेरस सल्फेट). प्रमाणित सेंद्रिय शेती असेल तर हिराकस वापरण्याआधी प्रमाणीकरण संस्थेला विचारून घ्यावं.

जमीन चोपण असेल, म्हणजे पाणी वर साचून राहतं आणि सुकली की सिमेंटसारखी टणक होते, तर तिथेही कामाला येणारं खनिज वेगळं: जिप्सम. बहुतेक राजस्थानातून येतं. शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के गंधक असतं, आणि चुन्यासारखा सामू वाढवत नाही. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला हुसकावतं. मग पाणी देऊन ते सोडियम खाली धुऊन काढायचं. निचऱ्याची सोय नसेल तर जिप्समचाही उपयोग नाही.

कोकणात मात्र गोष्ट उलटी

कोकणातला जांभा हा बऱ्याच ठिकाणी त्याच बेसॉल्टचा वंशज. पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही उष्मा यांनी लाखो वर्षांत त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन समुद्रात नेली. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून तो लाल. तिथली माती आम्लधर्मी, सामू बऱ्याचदा ५ ते ६ च्या आसपास. गोव्यातही जांभ्याच्या पट्ट्यात हेच. घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि झाडाला मिळत नाही.

इथे ताज्या बेसॉल्टची भुकटी खरंच काम करते. जे गेलं तेच ती परत देते: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. विरघळताना माती हळूहळू कमी आंबट होते. सुटलेली सिलिका भातासारख्या पिकाचं खोड कणखर करते आणि काही प्रमाणात अडकलेलं स्फुरदही मोकळं करते. शिवाय उष्णता, ओलावा आणि आम्ल, दगड विरघळायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी कोकणात तयारच. परसातल्या माडाला, सुपारीला, केळीला, भाजीच्या वाफ्यांना घालून बघायला हरकत नाही. फक्त परसात जांभाच आहे म्हणून ‘दगडाचं पीठ’ म्हणत जांभ्याचाच भुगा टाकू नका. त्यात देण्यासारखं फार काही उरलेलंच नाही.

नेमक्या याच कारणाने हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांचंही या भुकटीकडे लक्ष गेलंय. दगड विरघळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर जातो आणि दीर्घकाळ अडकून राहतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मका-सोयाबीनच्या शेतात वर्षाला हेक्टरी ५० टन बेसॉल्ट टाकून चार वर्षं प्रयोग झाला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात पिकाचं उत्पन्न १२ ते १६ टक्के वाढलेलं दिसलं. भारतात छत्तीसगडसारख्या भागात भातशेतीत बेसॉल्ट टाकणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये हवेतला कार्बन काढून घेण्यासाठीच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं. मध्य भारतातली आंबट, पाणी धरून ठेवणारी भाताची खाचरं आणि उष्ण हवा, जागा विचार करून निवडलेली आहे. आपल्या पाच वाफ्यांनी हवामान बदलणार नाही, त्यामुळे पाकिटावर तसं काही लिहिलेलं असेल तर त्यापायी दोन पैसे जास्त मोजू नयेत.

गच्चीवरच्या कुंड्या

शहरातल्या बहुतेकांचा प्रश्न हा असतो. गच्चीवरच्या मिश्रणात माती कमी आणि कोकोपीट जास्त. कोकोपीट पाणी छान धरतं, पण खनिजांच्या बाबतीत पोकळ. त्यात पालाश आणि सोडियम मुळातच असतं, आणि आपण दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते स्वतःच धरून ठेवतं. मग टोमॅटो बुडाकडून काळा पडतो, मिरचीची जून पानं शिरांच्या मधे पिवळी होतात. (टोमॅटो काळा पडण्यामागे अनियमित पाणी हेही मोठं कारण असतं. सोमवारी बादलीभर आणि मग गुरुवारपर्यंत काही नाही, असं केलं तर कुठलंही खनिज मदतीला येत नाही.)

अशा कुंडीत बेसॉल्टची बारीक भुकटी घालण्यात अर्थ आहे. २० लिटरच्या कुंडीला पाव ते अर्धा किलो पुरे. जास्त घालण्याचा मोह टाळावा तो मुख्यतः वजनामुळे. एक लिटर भुकटी दीड किलोपेक्षा जास्त भरते. चाळीस कुंड्यांत दोन-दोन लिटर घातली की स्लॅबवर सव्वाशे किलोची भर, आणि पदरात पडणार अर्धा किलो घातल्यावर मिळालं असतं तेवढंच किंवा किंचित जास्त. या हंगामातच कॅल्शियम हवं असेल तर कुंडीला चमचाभर जिप्सम. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, भुकटीसारखं वर्षं घेत नाही.

कुंडीत बेसॉल्टपेक्षाही जास्त फरक पाडणारी एक गोष्ट आहे: गाळाची माती. कोकोपीटच्या मिश्रणात दहा टक्के चांगली पोयट्याची माती मिसळा. दगड निसर्गाने आधीच दळून, भिजवून, अर्धा विरघळवून ठेवलेला असतो, तो म्हणजे पोयटा. तळ्या-धरणांतला गाळ शेतात पसरण्याची आपली जुनी पद्धत हेच करते. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली तीही याच धर्तीवर. मुरमाड, हलक्या जमिनीला गाळासारखं दुसरं काही नाही. भारी काळ्या जमिनीत तोच गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो. आणि शहरातल्या, सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्याचा गाळ भाजीपाल्याला वापरू नये.

बाकीचे दगड

रॉक फॉस्फेट हा यातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात चुकीच्या जागी पडणारा दगड. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटरा इथे त्याची मोठी खाण आहे. आम्लधर्मी मातीत ते हळूहळू स्फुरद देतं, म्हणून कोकणात ठीक. सामू ८ असलेल्या काळ्या मातीत ते तसंच पडून राहतं. तिथे वापरायचंच असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर टाकून, दोन-तीन महिने कुजवून मग वापरावं.

डोलोमाइट आणि चुनखडीची भुकटी फक्त आंबट मातीसाठी. चंद्रपूर-यवतमाळकडे चुनखडी आणि डोलोमाइट दोन्ही सापडतात, आणि स्वस्त म्हणून कुणी काळ्या मातीत टाकतंही. टाकू नये. ग्रॅनाइटमध्ये पालाश चार-पाच टक्क्यांपर्यंत असतं, पण मघाशी म्हटलं तसं ते चिवट खनिजात आणि सोबत गारगोटी भरपूर. नांदेडच्या देगलूर भागात किंवा सिंधुदुर्गात ग्रॅनाइटच्या जातीचा दगड मिळतो. कंपोस्टमध्ये थोडा मिसळायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नये. अमेरिकेतल्या यूटाहून येणारी ‘ॲझोमाइट’ नावाची दगडी भुकटी वाईट नाही, पण समुद्रापलीकडून आलेल्या भुकटीला आपल्या परसात तेवढं महत्त्व द्यावं असं मला वाटत नाही.

क्रशरवर गेल्यावर

खडी क्रशरच्या आवारात ढीग वेगवेगळे असतात: मोठी खडी, बारीक खडी, ग्रिट, क्रश सँड आणि डस्ट. आपल्याला हवी डस्ट, तीही जेवढी बारीक मिळेल तेवढी. हल्ली बऱ्याच ठिकाणी बांधकामासाठी क्रश सँड धुऊन देतात. धुताना जो अतिबारीक भाग पाण्याबरोबर निघतो तो खड्ड्यात साचतो, वाळतो आणि प्लँटवाल्याला तो डोकेदुखी असतो. वाळला की राखाडी पापुद्रे होतात, बोटाने दाबले की भुगा होतो. बागेच्या दृष्टीने सगळ्या आवारातला सर्वांत मोलाचा माल हा, आणि तो जवळजवळ फुकट मिळतो. फक्त विचारून घ्या: काही ठिकाणी गाळ पाण्यातून लवकर खाली बसावा म्हणून रसायन टाकतात. टाकत असतील तर तो सोडून साधी कोरडी डस्ट घ्या.

ढिगातली मूठभर भुकटी हातात घेऊन बघा. चांगल्या ताज्या बेसॉल्टची भुकटी कोरडी असताना निळसर करडी आणि ओली केली की जवळजवळ काळी दिसते. तांबूस-पिवळट दिसली तर त्यात मुरूम किंवा आधीच झिजलेला थर मिसळलाय. मधूनमधून पांढरे-गुलाबी चकाकते तुकडे दिसतील. ते झिओलाइट किंवा कॅल्साइट, मांजऱ्या दगडाच्या, म्हणजे भोकाभोकांच्या बेसॉल्टच्या, पोकळ्यांमध्ये तयार झालेले स्फटिक. घाबरण्यासारखं काही नाही. झिओलाइट उलट पोषक द्रव्यं धरून ठेवतं. सुंदर तुकडा दिसला तर खिशात टाका.

मग घरी बारीकपणाची परीक्षा. काचेच्या बरणीत चार चमचे भुकटी, वर बोटभर जागा सोडून पाणी, जोरात हलवा आणि ठेवा. जाडा भाग लगेच तळाशी बसतो. पाऊण मिनिटानेही वरच्या १० सेंटिमीटरमध्ये जे गढूळ राहतं ते ढोबळमानाने ०.०५ मिलिमीटरपेक्षा बारीक. पाणी तेव्हा नितळ झालं असेल तर तुम्ही डस्ट नाही, वाळू आणली आहे. चमचाभर भुकटीवर व्हिनेगर टाकूनही बघा. जोरात फसफसलं तर ती चुनखडी आहे. बेसॉल्टवर फार तर दोन-चार बुडबुडे येतात. जाडी भुकटी मिळाली तर पिठाच्या चाळणीतून चाळा, वरचा कच निचऱ्यासाठी मातीत मिसळा.

काही ठिकाणची भुकटी फुकट मिळाली तरी नको. फरशी-ग्रॅनाइट कापणाऱ्या दुकानातला चिखल: त्यात पॉलिशचे पदार्थ, राळ आणि करवतीच्या पात्यांचे धातू असतात, आणि संगमरवराचा असेल तर तो चुनाच. डांबर प्लँटवरची धूळही नको. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या कारागिराकडची कपची मात्र निर्धोक असते, पण जाडी.

पोतंभर भुकटी गाडीत टाकून आणणं सोपं. शेतासाठी ट्रॅक्टर-डंपरने आणायची असेल तर दर ब्रासवर ठरतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनात साडेचार टनांच्या आसपास. गौण खनिज असल्याने रॉयल्टी आणि वाहतुकीचा परवाना लागतो, तो क्रशरवाल्याकडूनच घ्यायचा. पावतीशिवाय माल रस्त्यावर काढू नये.

किती, कधी, कसं

इलिनॉयच्या प्रयोगातला हेक्टरी ५० टनांचा दर म्हणजे चौरस मीटरला ५ किलो, गुंठ्याला अर्धा टन, एकराला २० टन. परसबागेला तेवढं एकदम घालायची गरज नाही. आंबट मातीत चौरस मीटरला एक-दोन किलोने सुरुवात करा, तीन-चार वर्षांनी माती तपासून पुन्हा घाला. माती तपासणी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी प्रयोगशाळेत थोडक्या पैशांत होते. अहवालात आधी सामू बघायचा. ७.५ च्या वर असेल तर हा लेख तुमच्यापुरता इथे संपला, शेणखताच्या मागे लागा.

भुकटी थेट मातीवर फेकण्यापेक्षा कंपोस्टच्या थरांमध्ये टाकलेली बरी. १०० किलो ओल्या कचऱ्याला ३-४ किलो. कुजताना तयार होणारी आम्लं आणि जिवाणू दगडावर आधीच काम सुरू करतात, आणि भुकटी सगळीकडे सारखी मिसळते. गांडूळखताच्या पेटीत मूठभर टाकली तर गांडुळांनाही हवी असते. त्यांना दात नसतात, अन्न दळायला पोटाच्या पेषणीत बारीक कण लागतात.

काम करताना नाक-तोंड झाका, आणि साध्या रुमालाने नाही, एन ९५ मास्कने. बेसॉल्टमध्ये गारगोटी फारशी नसते, पण ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात भरपूर असते, आणि तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. क्रशर आणि खाणींवर काम करणाऱ्यांचा तो जुना आजार. पोतं उघडायच्या आधी वरून थोडं पाणी शिंपडा, वाऱ्याच्या दिवशी पसरू नका, लहान मुलांना लांब ठेवा.

परिणाम झाला की नाही हे कळायचं तर सगळ्या कुंड्यांत टाकू नका. सारख्या वाणाच्या, सारख्या मिश्रणाच्या निम्म्या कुंड्या कोऱ्या ठेवा आणि त्यांवर खूण करा. पहिल्या हंगामात फरक बहुधा दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा. कोकणात असाल तर मे महिन्याच्या अखेरीस कंपोस्टबरोबर मातीत मिसळून वर पाल्याचं आच्छादन द्या, म्हणजे पहिल्या जोराच्या सरीत ती वाहून जाणार नाही. गच्चीवर असाल तर जुन्या कुंड्या रिकाम्या करून मिश्रण नव्याने भरता, तेव्हाच घाला.